दोरी जरा खाली

अंगण झाडलं, दूध तापवलं, चार कपडे धुतले आणि साडी वाळत घालायला हात वर केला, तर तो खांद्याशीच अडला. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून घरी आल्यानंतरची ती पहिली सकाळ.

आमच्या अंगणातली दोरी उंच आहे. आमच्या ह्यांनी त्यांच्या उंचीने बांधलेली. ते गेले, दोरी राहिली. लेक म्हणाली, "आई, खाली बांधते की." मी म्हटलं, "तिला हात लावायचा नाही." तेव्हापासून माझी साडी खुर्चीवर वाळायची.

मैत्रिणींनो, काल डॉक्टरांना विचारून लेक मला लोणावळ्याला स्पामध्ये घेऊन गेली. मी गाऊन छातीशी घट्ट धरून बसले होते. मालिश करणारी मुलगी तिथल्याच भाजे गावची निघाली. ऑपरेशनच्या बाजूच्या हातावरून ती इतकी हलकेच हात फिरवत होती की मीच म्हटलं, "अगं, बाळंतिणीला रगडतात तसं रगड. दोरीपर्यंत पोचायचंय मला."

"ह्या हाताला जोर न्हाई लावायचा, मावशी. कसली दोरी?"

मी सगळं सांगितलं. ती हसली. "मग दोरीच खाली घ्या की. काका काय रागावणार हायेत व्हय?"

मीही हसले. मग डोळे भरून आले. ती माझा हात धरून बसली.

तुमच्या घरात आहे का असं काही, जे हलवायचं धाडस होत नाही?

आज सकाळी लेकीकडून दोरी माझ्या खांद्याएवढी खाली बांधून घेतली. साडी मी वाळत घातली.