ओवी आणि दारावरची ओली साडी

ओवीला ब्लड कॅन्सरने नेलं नाही. बुरशीने नेलं.

लखनौतल्या मराठी मंडळींनो, लेकराला घेऊन हॉस्पिटलच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या आईबापांनो, आपल्याला विचारतं कोण?

ओवी आमच्या शेजारची. सरोजिनी नगरची. सात वर्षांची. आई मराठीत बोलायची, ही हिंदीत उत्तर द्यायची. मी तिचा "भाषणवाले काका".

केमो लागू पडत होती. फक्त पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. औषधाने तसं होतंच, डॉक्टर म्हणाल्या, आता इन्फेक्शनपासून जपा.

आणि नेमकी तेव्हाच वॉर्डाला लागून असलेली भिंत फोडायला घेतली. नवी लॉबी हवी होती. उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते.

मध्ये साधं प्लास्टिकसुद्धा लावलं नाही. मुलांच्या उशांवर सिमेंटची धूळ.

ओवीच्या आईने, स्मिताने, आपली सुती साडी भिजवून दारावर टांगली. वाळली की पुन्हा भिजवायची. पलीकडच्या खाटेवरची आई म्हणाली, "दीदी, हमारी भी लटका दो."

साहेब पाहणीला आले त्या दिवशी वॉर्डबॉय आला. "मैडम, साड़ी हटाइए. अच्छा नहीं दिखता."

साड्या निघाल्या. ड्रिल चालूच.

मी भांडायला लागलो की ओवी दटावायची, "काका, धीरे. बच्चे सो रहे हैं."

त्या दिवशी खोकत म्हणाली, "काका, आज थोड़ा चिल्लाओ ना."

ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो.

ऑफिसातून उत्तर आलं, "सर मीटिंग में हैं."

मग ताप. अँटिबायोटिक्सना न जुमानणारा. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात बुरशी दिसली.

डॉक्टर म्हणाल्या, "ती हवेत असतेच. भिंती फोडल्या की धुळीबरोबर जास्त उडते. आपल्याला काही होत नाही, पण हिच्याकडे लढायला पेशीच नाहीत. त्याच धुळीतून आली, हे मात्र मला सिद्ध करता येणार नाही."

नका करू सिद्ध. भिंत झाका.

आज सकाळी ओवी गेली.

दुपारी तिचं सामान आणायला मी वॉर्डात गेलो. तिच्या खाटेवर दुसरं मूल होतं. केस गेलेलं, तोंडावर मास्क.

ड्रिल चालू होतं.

ओवी, बाळा, तू झोप. काका आता हळू बोलणार नाही.

आणि तुम्ही सगळे, सोमवारी सकाळी दहा वाजता हॉस्पिटलच्या गेटवर या. मागणी एकच: वॉर्ड आणि त्या भिंतीच्या मध्ये हवाबंद पार्टिशन. ते उभं राहीपर्यंत तिथून हलायचं नाही.

फुलं नकोत, मेणबत्त्या नकोत.

घरातली एक सुती साडी आणा. भिजवून.