उजवीकडून न परतणारं स्टिअरिंग

रेवाचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये ब्रेडच्या शेल्फपुढे उभा होतो. ‘‘काका, बाबा गेली,’’ ती म्हणाली. ती बर्मिंगहॅममध्येच जन्मली आणि वाढली. मराठी बोलते, पण लिंगाचा घोळ अजून होतो. एके काळी शेजारच्या खोलीतून लगेच तिच्या बाबाचा, माझ्या मित्राचा, श्रीनिवासचा आवाज आला असता, ‘‘गेली नाही, गेले म्हण!’’ त्या सकाळी तिला दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. मी ‘‘येतो’’ एवढंच म्हणालो आणि ट्रॉली तिथेच सोडून बाहेर पडलो.

श्री आणि मी पुण्याहून एकाच सुमारास इकडे आलो आणि एकाच कंपनीच्या डिझाइन ऑफिसात शेजारशेजारच्या टेबलांवर म्हातारे झालो. तो ब्रॅकेट काढायचा. एक्झॉस्ट धरून ठेवणारा ब्रॅकेट, बॅटरी धरून ठेवणारा ब्रॅकेट... ‘‘रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांत माझं काहीतरी आहे आणि ते कुणालाही दिसत नाही,’’ असं हसत म्हणायचा. पण ते त्याला लागत असावं. कारण रिटायर झाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक किट कार मागवली. म्हणजे अख्खी गाडी खोक्यांमधून घरी येते आणि ती आपण जोडायची. दोन सीटची, बिनछपराची, जमिनीला टेकलेली बुटकी गाडी. माधवी, त्याची बायको, दारात खोकी मोजता मोजता थकली. ‘‘लोक रिटायर झाल्यावर क्रूझला जातात,’’ ती मला म्हणाली. ‘‘आमच्याकडे हे.’’

गाडी उभी राहिली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं तेव्हा शेजारची म्हातारी कुंपणावरून टाळ्या वाजवत होती. पण घरी जोडलेली गाडी इथे तशीच रस्त्यावर नेता येत नाही, आधी सरकारी तपासणी पास व्हावी लागते. ट्रेलरवर घालून आम्ही ती नेली. तपासनीस उंच, मितभाषी माणूस होता. दिवे, ब्रेक, पट्टे सगळं त्याला पसंत पडलं. मग त्याने आवारात गाडी गोल फिरवली आणि स्टिअरिंगवरचे हात सोडले. वळण घेऊन झालं की चाक आपणहून मधे यायला हवं. ते आलं नाही. गाडी तशीच गोल फिरत राहिली. ‘‘सॉरी, मेट,’’ तो उतरून म्हणाला, ‘‘इट जस्ट डझन्ट वॉन्ट टु कम बॅक.’’

परतताना श्री नाराज नव्हता, उलट खुशीत होता. हा त्याच्या आवडीचा प्रश्न होता. ‘‘ट्रॉलीची चाकं बघ,’’ तो मला समजावू लागला, ‘‘कशीही ढकल, आपोआप त्या दिशेला वळून मागोमाग ओढली जातात. तसाच गाडीच्या पुढच्या चाकांचा आस किंचित मागे झुकलेला लागतो. आपला कमी झुकलाय, आणि गाडी हलकी, त्यामुळे जोर येत नाही.’’ बोलता बोलता तो पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला बघत होता. ते काही त्याला जमेना. शेवटी बाटली त्याने माझ्याकडे दिली. मी ती उघडून त्याच्या हातात दिली.

तपासण्यांत निघाला तो मोटर न्यूरॉन, स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. त्यांनी बरं होण्याविषयी एक शब्दही काढला नाही. आधी हात, मग पाय, मग वाचा, मग श्वास. श्रीने ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाला, ‘‘आता पाने तू चालव, मी सांगतो.’’ त्यानंतर त्याच्या गॅरेजमधले हात माझे झाले. चाकाला धरणाऱ्या वरच्या दांड्यामागचे वॉशर काढून पुढे घालायचे, आस मागे झुकवायचा, टायरमध्ये हवा वाढवायची, सांध्यांना ग्रीस घालायचं. तो खुर्चीत बसून सांगायचा, सुरुवातीला स्पष्ट, पुढे दारू प्यायल्यासारखं जड. माधवी चहा आणून ठेवायची आणि कप स्ट्रॉसकट त्याच्या तोंडाशी धरायची. एकदा मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, ‘‘दिलीप, तो काय त्या गाडीतून कुठे जाणारे? जे थोडे महिने आहेत ते मला द्या ना.’’

मी ते श्रीला सांगितलं.  जिभेशी झगडत तो म्हणाला, ‘‘घरात... मी पेशंट. इथे नाही.’’ हे माधवीला कसं सांगायचं ते मला कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

दुसऱ्या तपासणीत गाडी डावीकडून छान परतली. उजवीकडून परतली नाही. तोच तपासनीस होता. या वेळी त्याने व्हीलचेअरकडे पाहिलं, पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा हात सोडले. मग मान हलवली. त्याचंही वाईट वाटलं मला.

श्रीची वाचा गेली तेव्हा डोळ्यांनी अक्षरं निवडायची टॅब्लेट आली. त्यात मराठी नव्हतं. तो रोमन अक्षरांत लिहायचा आणि मशीनमधली इंग्रज बाई ते वाटेल तसं वाचायची. माधवीने पहिल्याच दिवशी तिचा आवाज बंद केला. त्या पडद्यावर एके दुपारी त्याने मला उजव्या चाकाची मापं पुन्हा घ्यायला लावली. मी घेतली, त्याला दाखवली. चाक धरणारा ब्रॅकेटच कारखान्यात किंचित पुढे वेल्ड झालेला होता. ‘‘bracket,’’ त्याने लिहिलं आणि त्याचा सगळा देह हलू लागला. त्या आजारात माणसाला हसू आणि रडू आवरत नाही, एकातून दुसरं होतं. त्या दुपारी त्यातलं कोणतं होतं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

ब्रॅकेट बदलून तिसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा मी एकटाच होतो. श्री हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात होता. गाडी पास झाली. तपासनीसाने विचारलं, ‘‘युअर फ्रेंड?’’ मी सांगितलं. त्याने हात पुढे केला आणि माझा हात जरा जास्त वेळ धरला. मी तिथून थेट हॉस्पिसला गेलो. ‘‘श्री, झाली पास.’’ त्याचे डोळे पडद्यावर फिरू लागले. फार वेळ लागला. ‘‘ujvikadun?’’ एवढंच उमटलं. ‘‘हो रे, उजवीकडूनही,’’ मी म्हणालो. त्याने डोळे मिटले. आनंद झाला म्हणून की दमला म्हणून... काही सांगता येत नाही. त्या गाडीत तो एकदाही बसून फिरला नाही. ती इतकी बुटकी की पास होण्याच्या कितीतरी आधीच त्याला तिच्यात उतरवणं अशक्य झालं होतं.

श्री गेल्यानंतर गाडी गॅरेजमध्येच पडून होती. गेल्या रविवारी माधवीचा फोन आला. गाडी विकायची आहे म्हणाली, पण आधी एकदा ने. बंद पडलेल्या एका दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही गेलो. ती शेजारी पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. ‘‘ते काय करता तुम्ही, ते कर,’’ ती म्हणाली. मी उजवीकडे वळण घेतलं आणि हात सोडले. स्टिअरिंग सावकाश फिरत मधे आलं, गाडी सरळ झाली.

माधवी स्टिअरिंगकडे बघत राहिली.

‘‘एवढंच?’’ तिने विचारलं.

‘‘एवढंच.’’

तिने पर्स पायाशी ठेवली. मग म्हणाली, ‘‘परत कर.’’ मी परत केलं. मग आणखी एकदा. अंधारून यायला लागलं तरी ती पुरे म्हणेना.