पात्यावरचं कुंकू

बाळांनो, परवा फोनवर तुमच्यापैकी एकीने सांगितलं, की हेलिकॉप्टरच्या पात्यांमधले तडे शोधणं हेच आता तिचं काम आहे. असा एक तडा तुमच्या पणजीने इंदूरला शोधला होता. ते पाहिलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

मध्यभारत राज्याचे दिवस होते, आजचा मध्य प्रदेश अजून व्हायचा होता. वडील सरकारी खात्यात नकाशे काढत. विजेच्या तारा कुठून न्यायच्या हे वरून पाहायला भाड्याचं हेलिकॉप्टर आलं आणि सोबत बसायला वडिलांची निवड झाली. त्यांनी आमच्या अख्ख्या तुकोगंज मोहल्ल्यात सांगून ठेवलं. उड्डाण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. आमचं घराणं संस्थानी फौजेतलं. दसऱ्याला तलवारीपासून सायकलीपर्यंत सगळ्याला कुंकू लागायचं. हे उद्या ज्यात बसणार ते बिनपूजेचं कसं ठेवायचं, असं म्हणत आई ताट घेऊन विमानतळावर निघाली. आम्ही मागोमाग.

वैमानिक जेवायला गेला होता. आईने स्टुलावर चढून लाकडी पात्यांच्या बुंध्याशी तेलात कालवलेल्या कुंकवाची ठसठशीत स्वस्तिकं काढली.

"अगं, यंत्र आहे ते, जावई नव्हे," वडील म्हणाले.

वैमानिक परतला आणि भडकला. त्याचं इंग्रजी आईला सांगायचं काम माझ्याकडे, कारण मी कॉलेजात जात होते. निम्मं मी गाळलं. सगळं पुसून काढा, एवढंच सांगितलं.

एक पातं स्वच्छ झालं. दुसऱ्यावर केसाएवढी लाल रेघ राहिली. आईने पदराने घासली, तरी जाईना.

"कुंकू आत गेलंय," ती म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं. वैमानिक तणतणत स्टुलावर चढला. रेघ नखाने चाचपली, भिंगातून पाहिली. रंगाखाली लाकूड चिरलं होतं. सकाळी तपासताना त्याला ते दिसलं नव्हतं. तेलाबरोबर कुंकू चिरेत उतरलं होतं. उद्या कोणीही उडणार नाही, असं त्याने सांगितलं.

वडिलांचा चेहरा बघवेना. दुसऱ्या सकाळी दूधवाल्याने विचारलं, "क्यों बाबूजी, उतर भी आए?" आई आत तोंडाला पदर लावून हसत होती. माणूस जमिनीवर होता, तिला आणखी काय हवं होतं?

पुढे रेल्वेने पात्यांची नवी जोडी आली. या वेळी स्टूल वैमानिकाने स्वतः आणून ठेवलं. आईने कुंकू लावलं, पुसलं. रेघ राहिली नाही. मग वडील उडाले. आमच्या गच्चीवरून जाताना त्यांनी टोपी हलवली, ती हातातून सुटली आणि कधीच सापडली नाही.

आता आई नाही, वडील नाहीत. दसऱ्याला गाडीला तेलातलं कुंकू लावून ते पुसून बघायची रीत आपल्या घरात अजून आहे.