लिंबापुरती गाडी

निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली माझी स्पोर्ट्स कार यंदाही दसऱ्याच्या सकाळी सुरू होईना. सलग तिसरा दसरा. बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी चावी फिरवली, तर नुसती टिकटिक.

बॅटरीवाला ऐन सणाला येऊन नवी बॅटरी बसवून गेला. "उभ्या गाडीत बॅटरी मरणारच, काका. आठवड्यातून एकदा तरी फिरवा, नाहीतर निगेटिव्हची वायर काढून ठेवा." हे तो दर वर्षी सांगतो आणि मी दर वर्षी मान डोलावतो. पण फिरवू कुठे? गंगापूर रोडच्या प्रत्येक गतिरोधकावर हिचं पोट घासतं, आणि हिच्यातून बाहेर निघताना माझे गुडघे रडतात.

गाडी सुरू झाली. हातभर पुढे घेतली, लिंबं फुटली.

"आता सोनं द्यायला हिच्यातूनच जाऊ या," बायको म्हणाली. ती साडीही चांगली नेसली होती.

"स्कूटरच बरी," म्हणत मी गाडी मागे घेतली आणि कव्हर घातलं. वायर काढायचा कंटाळा केला.

चाकांपाशी चार चेपलेली लिंबं पडली होती. गाडीचा वर्षभराचा प्रवास तेवढाच.