राजकन्येचा रंग

“अगं, हात तरी झाकून घे. तोंड गोरं केलं मी, हात कोण गोरे करणार?”

पुण्यात खराडीतल्या एका हॉलच्या मेकअप रूममध्ये ती मला असं म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ती म्हणजे आमच्या कॉस्प्ले ग्रुपची ताई. राहणारी पेठेतली. पहिल्या भेटीत तिने माझं आडनाव विचारलं होतं. ऐकून नुसतं “अच्छा” म्हणाली. त्या अच्छात सगळं आलं.

कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून लोकांसमोर यायचं. माझी ही पहिलीच स्पर्धा. जपानी कार्टूनमधली निळ्या केसांची एक लढवय्यी राजकन्या मी निवडली होती. चिलखत फोमचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले, घरच्या इस्त्रीने फोम तापवून वाकवला. बोटं भाजली. झगा आईने शिवला. ती मांजरी गावात साड्यांना पिको-फॉल करते.

त्या दिवशी आल्या आल्या ताईने माझ्यावर एक नजर टाकली आणि निकाल दिला. “तू राक्षसीण का नाही केलीस? मेकअप वाचला असता. असू दे, मी करते काहीतरी.” मग स्पंजने तोंडावर लेप थापत बसली. मी गुमान तोंड पुढे केलं. वर थँक्यूसुद्धा म्हणाले. आजही त्या थँक्यूची चीड येते.

बाहेर आई उभी होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला, की मी थबकलेच.

“आगं बया! कशी ग्वारीपान दिसतीया माझी लेक! एक फोटू काढ हितं. स्थळाला दावायला हुईल.”

चिलखताकडे तिने बघितलंही नाही. स्वतः शिवलेल्या झग्याकडेही नाही. आईने माझ्याकडे इतक्या कौतुकाने आजवर कधी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं तेव्हा ती मी नव्हतेच. ताईचं हसणं मी गिळलं होतं. हे गिळवेना.

बेसिनवर गेले. हात धुवायच्या साबणाने तोंड खसाखसा धुतलं. कातडी चुरचुरेपर्यंत धुतलं.

तशीच स्टेजवर गेले. परीक्षक बाई गोड हसल्या. “शिवण छान आहे हो. पण पात्राचा रंग तुझ्याशी जुळत नाही ना.”

“मॅडम, तिचे केस निळे आहेत. ते इथे कुणाशी जुळतात?”

 बक्षीस अर्थातच नाही. ताईने संध्याकाळच्या आत मला ग्रुपमधून काढून टाकलं.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मगाशी ब्येस दिसत हुतीस. कशाला धुतलंस?”

 तिच्यावर रागावू तरी कशी? तिलाही लोकांनी हेच ऐकवलं, तिच्या आईलाही. ऐकून ऐकून तिला ते स्वतःचंच मत वाटायला लागलंय.

पुढच्या वेळी पुन्हा तीच राजकन्या करणार. याच तोंडाने. आईला पहिल्या रांगेत बसवणार. तिने मान वळवली तरी मी तिच्यासमोरून हलणार नाही.