माझ्या मापाचे बूट

बावन्नाव्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकले. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. माझी मुलगी शाळेत असताना अमरावतीबाहेरच्या एका मैदानावर घोडेस्वारी शिकायची आणि मी कुंपणाला टेकून तिची वाट बघायची. अशी सहा वर्षं गेली. मग ती पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीने पहाटे उठले, चहा केला, आणि पुढे काय करावं ते सुचेना म्हणून मैदानावर जाऊन उभी राहिले. शिकवणारे उस्ताद पोलिसांतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी तं गेली. आता तुमी काहून उभ्या? या आत."

मी आत गेले. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने पेपर खाली ठेवला आणि "पडशील" एवढंच म्हणून पेपर पुन्हा उचलला.

पावसाळा आणि दिवाळी निभावून गेली. माझ्या वाट्याला आलेली तांबडी घोडी वयस्क होती, शहाणी होती, माझ्या चुका पोटात घालायची. खरी पंचाईत डिसेंबरात सुरू झाली. वऱ्हाड म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातलं ऊन आठवतं. हिवाळ्यातल्या पहाटे तुरीच्या शेतावरून येणारा वारा त्यांनी खाल्लेला नसतो. घोड्यावर हात हलतात, पाठ तापते, पण पाऊल लोखंडी रिकिबीत जागच्या जागी टेकलेलं असतं. पंधरा मिनिटांत माझी बोटं बधिर व्हायची. खाली उतरताना पाय जमिनीला लागला की नाही तेसुद्धा कळायचं नाही.

मी मुलीचे जुने बूट घालत होते. तिचा नंबर सहा, माझाही सहा. त्यात लोकरीचे मोजे घातले, एकावर एक दोन जोड. पाय आणखी गार पडले. हे कसं, याचा विचार न करता मी मोबाइलवर शोधून बर्फात घालायचे बूट मागवले. आतून मेंढीच्या लोकरीसारखी लव, खाली जाड रबरी तळ, त्याला बोटभर खोल खाचा. घरात घालून पाहिले तर गोधडीत पाय घातल्यासारखं वाटलं.

त्या बुटांचा दुसरा दिवस. कुंपणावरचं प्लास्टिकचं पोतं वाऱ्याने उडालं आणि घोडी एकदम बाजूला सरली. माझा तोल गेला. पडणं काही नवीन नव्हतं. पण या वेळी मी खाली आले आणि डावा पाय वरच राहिला. तो जाड तळ रिकिबीत पाचरीसारखा बसला होता. घोडी दोन पावलं चालली, माझी पाठ मातीवरून घासत गेली, आणि मग ती थांबली. का थांबली ते तिलाच ठाऊक. तिच्या जागी दुसरं जनावर असतं तर ते उधळलं असतं. उस्ताद धावत आले, आधी लगाम धरला, मग माझा पाय सोडवला. मला बसतं करून त्यांनी तो बूट काढला आणि रिकिबीत घालून दाखवला. ओढला तरी तो निघेना.

"हा बर्फातला बूट हाये, घोड्यावरचा नाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आधी पाय सुटला पायजे. ऊब मंग पाहू."

घरी मी घोडीवरून घसरले एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी नवऱ्याने पाठीला मलम लावताना विचारलं, "आता बंद करणार ना?" मी हो म्हणणार होते, पण तोंडातून निघालं, "बूट बदलणार." तो हसला नाही, रागावलाही नाही. मलमाचं झाकण लावून आत गेला.

अकोल्याला बदली झालेल्या एका मैत्रिणीला फोन केला. जयभीम झाल्यावर सगळं ऐकून ती म्हणाली, तिच्या घराजवळ एक म्हातारे चाचा आहेत, पूर्वी परेडचे बूट शिवायचे, अजून हाताने काम करतात. चाचांनी निरोप दिला की दुपारी चारनंतरच या, सकाळी पाय लहान असतो. बडनेऱ्याहून गाडी पकडून मी गेले.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. चाचांनी जमिनीवर कागद पसरला आणि मला उभं केलं. "बसून घेतलेलं माप झूठ असते, बाई. वजन पडलं की पाय पसरते. नंबर कोन्ता घालता?"

"सहा."

पेन्सिल फिरवून झाल्यावर ते कागदाकडे बघत राहिले. "कोन सांगतलं सहा?"

 मला आठवलं. मी नववीत असताना आईने आम्हा तिघी बहिणींना एकाच नंबरच्या चपला घेतल्या होत्या, म्हणजे घाईत कोणीही कोणाच्या घालाव्यात. तो नंबर सहा. त्यानंतर प्रत्येक दुकानात मी स्वतःच सहा मागत आले. नवीन चपला सुरुवातीला चावतातच, असं आई म्हणायची. माझ्या सुरुवातीच संपत नाहीत, हे मला कधी खटकलं नाही.

"उजवा साडेसहा, डावा सात," चाचा म्हणाले. "त्यात तुमी दोन-दोन मोजे कोंबले. रक्त जाईन कुठून? पाय थंडीनं नाई मेला, बाई, आवळून मेला."

मी म्हटलं, आतून लव लावा. त्यांनी मान हलवली. लव दबते, घामाने ओली होते, मग उलट गारवा धरते. त्यांनी खोगिराखाली घालतात तसल्या नमद्याचा, दाबून बसवलेल्या लोकरीचा, तुकडा काढला. तो तळाशी घालायचा, वर पातळ लोकरीचा एकच मोजा, आणि बोटांपुढे हलायला जागा. बाहेरचा तळ चामड्याचा, गुळगुळीत, सपाट. टाच दीड बोट, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जायला नको.

पिंढरीचं माप घ्यायला त्यांनी आतून चाचींना बोलावलं. मी सलवार वर करता करता उगाच म्हणाले, "पाय जरा जाडच आहेत माझे."

"तो क्या? बूट पैर के लिए बनता है ना," चाची म्हणाल्या. फीत गुंडाळताना त्यांनी विचारलं, "ऊपर से कैसा दिखता है?"

तोवर मला सगळ्यांनी पडण्याबद्दल विचारलं होतं. वरून कसं दिसतं, हे कोणीच नाही. मी विचार करून सांगितलं, तुरीच्या पलीकडचं शेत दिसतं, आणि माणसांचे भांग दिसतात. चाची इतक्या हसल्या की फीत सुटली आणि माप परत घ्यावं लागलं.

बूट तीन आठवड्यांनी मिळाले. पहिल्यांदा डावा घोट्यापाशी घासला. परत गेले, चाचांनी शिवण उसवून नीट करून दिला. त्यानंतरच्या पहाटे मैदानावर धुकं होतं. अर्धा तास झाला तरी मला माझी दहाही बोटं कळत होती. नुसती ऊबच नाही; घोडीचा श्वास पोटरीला लागत होता, ती वळायच्या आधी तिचं अंग कुठे जड होतं ते कळत होतं. इतके महिने मी गुडघ्याखाली नव्हतेच जणू. उस्तादांनी मला उतरायला लावून बूट रिकिबीत घालून-काढून दोनदा तपासला आणि मग मान डोलावली.

त्या संध्याकाळी मुलीला फोन केला. सगळं सांगून झाल्यावर सहज विचारलं, "तुझे ते जुने बूट तुला कधी टोचले का गं?"

"टोचायचे ना. करंगळीचं नख दोनदा गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणायचीस, सुरुवातीला चावतातच म्हणून." ती अगदी साधेपणाने म्हणाली, तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सहा वर्षं मी त्या मुलीकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. पडेल म्हणून बघत होते.  ती "आई, ऐकू येतंय का?" असं विचारत राहिली.

संक्रांतीला ती घरी आली तेव्हा मी तिला आणि तिचे ते जुने बूट घेऊन अकोल्याला गेले. ती वाटेत कुरकुरली, मला आता बूट कशाला, म्हणाली. चाचांनी कागद पसरला, तिला उभं केलं, पेन्सिल फिरवली. तिचा नंबर खरोखरच सहा निघाला. "लांबी बरोबर हाये," ते म्हणाले, "बूट अरुंद होता. पोरी, बोटं मोकळी सोड, आवळून काहून धरून राहिली?" तिने खाली पाहिलं. बोटं एकमेकांपासून सुटी करायला तिला थोडा वेळ लागला.