कोरं बोट

आमच्या शाळेत राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत संपतं, कारण घड्याळ माझ्या हातात असतं. बावीस वर्षं झाली. कुणी पाठीवर दप्तर ठेवून उभं राहिलं, कुणी शेवटचं 'जय हे' ओढलं, की माझं डोकं फिरतं. मग पोरांची ती अख्खी ओळ मी दोन मिनिटं तशीच उभी ठेवतो. सहकारी माझ्यामागे मला 'सावधान' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही.

घरीही तेच. पंधरा ऑगस्ट उलटून गेल्यावर सोसायटीतल्या कुणाच्या गॅलरीत भिजका झेंडा तसाच लोंबताना दिसला की मी जाऊन त्याची बेल वाजवतो. एकदा असाच भांडून वर आलो तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं देशावर प्रेम आहे की देशातल्या माणसांवर राग आहे, हे एकदा ठरवून टाका." मी चिडून जेवलो नाही. हल्ली ते वाक्य मला दिवसातून दोनदा तरी आठवतं.

मतदानाच्या दिवशी मी पावणेसातलाच केंद्राबाहेर उभा असतो. पहिलं मत माझं. मग शाई लावलेल्या बोटाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, आणि खाली 'मी केलं, तुम्ही?' असा प्रश्न. दुपारपर्यंत कुणाचे फोटो आले नाहीत ते मी लक्षात ठेवतो. गेल्या निवडणुकीत मात्र ही हौस राहिली. मला केंद्राध्यक्षाची ड्यूटी लागली, तीही सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर. ड्यूटीवाल्यांचं मत पोस्टाचं. ट्रेनिंगच्या हॉलमध्येच एका कोपऱ्यात कागदावर खूण करायची, पाकिटात घालायची, पेटीत टाकायची. शाई नाही, काही नाही. बोट कोरं राहिलं याचीच मला त्या आठवड्यात रुखरुख होती. त्याहून मोठं काही गमावता येतं हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेतली होती. खरं मतदान सुरू व्हायच्या आधी, पहाटे, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर खोटं मतदान करून दाखवायचं. त्याला सगळे मॉक पोल म्हणतात. पन्नास मतं टाकायची, मशिन बरोबर चालतंय हे पटवायचं आणि मग तीन बटणं दाबायची : क्लोज, रिझल्ट, क्लिअर. क्लिअर दाबलं की ती खोटी मतं पुसली जातात आणि मशिन रिकामं होतं. इतकं सोपं. मी मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढत होतो.

आदल्या दुपारी आम्ही पाड्यावर पोचलो. शाळेच्या दोन खोल्या, समोर भाताची कापलेली शेतं, फोनला रेंज नाही. रेंज हवी तर मागच्या टेकडीवर चढायचं. माझ्या हाताखाली चौघं. त्यातले पहिले मतदान अधिकारी पेठकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. शांत माणूस. यादीत नाव शोधून खूण करायचं काम त्यांचं. संध्याकाळी आम्ही सगळे फॉर्म भरून ठेवले. हे सगळेच करतात, सकाळी घाई नको म्हणून. 'मशिन रिकामं असल्याचं प्रतिनिधींना दाखवलं' या प्रमाणपत्रावरही मी तेव्हाच सही केली, आणि प्रतिनिधी शेजारीच राहत होते म्हणून त्यांच्याही सह्या घेऊन टाकल्या. टापटीप माणूस मी.

सकाळी मॉक पोल नीट झाला. पन्नास मतं पडली, रिझल्ट दाखवला, प्रत्येक मतामागे मशिनमधून पडणाऱ्या छापील चिठ्ठ्या मोजून काळ्या पाकिटात बंद केल्या. क्लिअर तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला. दोन जीप, आत माणसं, टपावर माणसं. पाड्यावरची बरीच घरं भात निघालं की दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जातात. ती माणसं मत द्यायला रात्रीच निघून आली होती. कुणी न सांगता त्यांनी रांग लावली, बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. थंडीत अंगावर चादरी, मुठीत मतदार चिठ्ठी. ते बघून मला भरून आलं. खरंच आलं. बावीस वर्षं मैदानावर उभं राहून जे कधी वाटलं नव्हतं ते त्या दारात वाटलं, की हा माझा देश.

आणि भरून आलं की मी काय करतो? बोलतो. मशिन तसंच ठेवून मी पायरीवर जाऊन उभा राहिलो आणि त्या रांगेला मताचं मोल समजावून सांगायला लागलो. एकेक मत किती अनमोल, त्यासाठी कुणी काय काय सोसलं, वगैरे. पंधरा ऑगस्टचं भाषण मला पाठ आहे, तेच थोडं वळवून घेतलं. रांगेत सगळ्यात पुढे चाळिशीची एक बाई होती, सडसडीत, डोक्यावरून टॉवेल घेतलेली. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "गुरुजी, भाषण मागून करा. आधी बटण दाबू द्या. जीप उभी हाय, दुपारी परत बागंत जायाचं."

रांग हसली. मीही हसलो, पण मनाला लागलं. घड्याळात सातला सात मिनिटं कमी होती. धावत आत आलो, प्रतिनिधी 'चला चला' करत होते, मशिनचं झाकण लावलं, सील बांधलं, सह्या तर आदल्या दिवशीच झालेल्या. बरोबर सातला मी दार उघडलं. वेळ पाळली याचा मला अभिमान वाटला.

पहिलं मत त्या बाईचं. बोटाला शाई लागली, बीप वाजला. बाहेर पडताना तिने बोटावर हलकी फुंकर मारली आणि हात पदरापासून लांब धरून गेली.

नऊ वाजता मशिनवरचा आकडा नोंदवहीशी जुळवायचा असतो. पेठचे गुरुजी म्हणाले, "एकाहत्तर." मी बटण दाबलं. एकशे एकवीस. मी पुन्हा दाबलं. मग पन्नासचा हिशोब माझ्या डोक्यात शिरला. क्लिअर दाबायचं राहिलं होतं.

गुरुजींनाही कळलं. ते माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "सर, अजून कुणाच्या ध्यानात नाय. सील काढू, क्लोज करू, क्लिअर मारू, नव्यानं चालू. सकाळची एकाहत्तर जातील, पण दिवसभरात येतील ती तरी वाचतील."

माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त जास्तीत जास्त वाचवायचं होतं. पण ती एकाहत्तर कुणाची होती? जीपमधून आलेल्यांची. सगळ्यात लांबून आलेल्यांची. मी नाही म्हटलं. केंद्राध्यक्षाच्या डायरीत मी 'नियमानुसार' असं लिहिलंय. खरं तर मला ती फुंकर दिसत होती. आणि भीतीही होती, नोकरीची. दोन्हींतलं जास्त काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

बंदोबस्ताचा पोलीस टेकडीवर चढून फोन लावून आला. अकराच्या सुमाराला झोनल अधिकारी आले. त्यांनी मला बाजूला घेतलं, ओरडले नाहीत, त्यानेच मी जास्त घाबरलो. म्हणाले, "मतदान चालू ठेवा. हे मशिन मोजणीत बाजूला ठेवतील. हारजितीचा फरक तुमच्या केंद्रावरच्या मतांपेक्षा कमी निघाला, तरच इथल्या चिठ्ठ्या मोजतील. नाहीतर नाही. आणि बाहेर काही बोलू नका. लोक उठून गेले तर आणखी लफडं."

म्हणजे मतं होती, पण बहुतेक कुणी बघणार नव्हतं. आणि हे ठाऊक असूनही मला संध्याकाळपर्यंत त्या टेबलाशी बसायचं होतं. बसलो कसला, दार ते टेबल, टेबल ते दार, येरझाऱ्या घालत होतो. एक म्हातारा काठी टेकत टेकत आला, मशिनसमोर चप्पल काढून उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं चप्पल काढायला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुपारी जीप निघाल्या. ती बाई पायरीशी येऊन म्हणाली, "झालं आमचं काम. आता करा भाषण." चेष्टाच होती.

निकालाच्या दिवशी फरक हजारांनी निघाला. पाड्याचं मशिन बाजूला राहिलं ते राहिलंच. मला नोटीस आली, मी उत्तर दिलं, 'अनवधानाने'. काही दिवसांनी ताकीद मिळाली आणि प्रकरण संपलं. पाड्यावरून कुणी विचारलं नाही, कारण तिथे कुणाला माहीतच नव्हतं. पेपरात नाही, कशात नाही. सुटलो असं वाटायला हवं होतं. पण माझी झोप गेली, चालता चालता एकटाच बडबडायला लागलो. आमच्या शहरातल्या द्वारका चौकाच्या सिग्नलला माणसांनी भरलेली जीप दिसली की मी स्कूटरवरून मान काढून आतले चेहरे बघायचो. त्यात ती बाई दिसली असती तर काय करणार होतो, कोण जाणे.

सव्वीस जानेवारीला मैदानावर घड्याळ हातात घेऊन उभा होतो. राष्ट्रगीत संपलं तेव्हा काटा कुठे होता ते मी पाहिलंच नव्हतं. एका पोराचं दप्तर पाठीवर होतं, तेही मला नंतर दुसऱ्या शिक्षकांनी सांगितलं. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, की मी बावीस वर्षं ताठ उभा राहतोय आणि जेव्हा देश खरोखर माझ्या दारात येऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा मी त्याला भाषण ऐकवलं. भाषणासाठी नाव पुकारलं तर मी घसा बसल्याचं सांगितलं. खोटं.

पुढच्या रविवारी पेठच्या गुरुजींकडून जीपवाल्याचा नंबर घेतला. ते म्हणाले, "नका जाऊ सर. उगाच कशाला? त्यांना काय फरक पडतो?" त्यांच्यावर मी पहिल्यांदा ओरडलो. फरक पडत नसता तर रात्रभर टपावर बसून आले असते का?

दिंडोरीच्या पुढची बाग सापडायला दोन तास लागले. बाया वेलीखाली उभ्या राहून हात वर करून घडांतले जास्तीचे मणी छोट्या कात्रीने काढत होत्या. तिने मला लांबूनच ओळखलं. "अय, भाषणवाले गुरुजी," असं शेजारणीला म्हणाली. मी वेलीखाली वाकून तिच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. बटण, भाषण, सील, बाजूला ठेवलेलं मशिन. काही लपवलं नाही. ती ऐकत होती, कात्री चालू होती.

"मंजे आमचं मत गेलंच नाय?"

"गेलं. मशिनमध्ये आहे. मोजलं नाही."

"कुणाकुणाचं?"

"तुमच्या केंद्रावरचं कुणाचंच नाही."

कात्री थांबली. आजूबाजूच्या दोघीतिघी जवळ आल्या. त्यांना तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी घरून मोठी तयारी करून गेलो होतो. माफी कशी मागायची, काय म्हणायचं. 'माझ्या हातून' एवढंच म्हणालो आणि पुढचं आठवेना.

"मंग आता सांगाया कशाला आले?" तिने विचारलं. आवाज चढवला नव्हता. "आता मोजतेत का?"

"नाही. मला राहवत नव्हतं."

"हां," ती म्हणाली. "तुमाला राहवत नव्हतं."

तिने आपला डावा हात समोर धरला. चामडीवरची शाई केव्हाच गेली होती. नखावरची तेवढी राहिली होती, नख वाढलं तशी वर सरकलेली, टोकाशी एक काळी कड. तिने अंगठ्याने ती घासून पाहिली.

"आन् तुमचं? तुमी टाकलं का नाय मत?"

"टाकलं. पोस्टाने. आमचं आधीच घेतात."

"ते मोजलं?"

"हो."

"बोट दाखवा."

मी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. तिने ते धरलं, उजेडात नेलं, उलटंसुलटं करून बघितलं. कुठे काही नव्हतं. मग बोट सोडून ती शेजारणीला म्हणाली, "ह्यांचं मोजलं." आणि पुन्हा घडाला लागली.